नाव पुरलेला सिंह

त्या सिंहाचे नाव पुरले गेले तेव्हापासून परमुआतला त्याच्याविषयी कुणाशी मोकळेपणी बोलता येईना. आणि बोलणे हा तर त्याच्या कामाचा निम्मा भाग होता. उरलेला निम्मा पाहण्याचा. पहाटे तारांची अँटेना घेऊन तो टेकाडावर चढे, सिंहांच्या गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्यांची टकटक कुठून येते ते ऐके, त्या रोखाने पायी जाऊन सिंह स्वतःच्या डोळ्यांनी पाही, आणि मग गुराख्यांना एकेक फोन करी. अमकी पिल्लांसह काळ्या दगडांत आहे, तमका सुक्या नदीत झोपला आहे, आज गुरे तिकडे नेऊ नका. सिंहांना नावे होती आणि ती मासाई नावे होती. नाव ऐकले की ऐकणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नसे, कारण कोण घंटेला घाबरतो, कोण कुंपणावरून उडी मारतो, कोण नुसता आळशी आहे, हे सगळे त्या नावात येई.

या एका सिंहाला नाव परमुआतनेच दिले होते, आणि ते त्याच्या मित्राचे होते. दोघांची सुंता एकाच हंगामातली, दोघे एकाच तुकडीचे मोरान, म्हणजे अजून लग्न न झालेले भालेकरी. मित्राला आपल्या गेरूने माखलेल्या वेणीचा फार अभिमान होता आणि चालायचा तर असा, की पुढची वाट कुणीतरी त्याच्यासाठी झाडून ठेवली आहे. एके सकाळी उगवतीच्या गवतातून एक तरुण सिंह बाहेर आला. त्याची आयाळ एका अंगाने काळी आणि दुसऱ्या अंगाने गेरूच्या रंगाची होती, आणि तो तसाच चालत होता. परमुआत हसला आणि नाव ठरून गेले. मित्राला ते भलतेच आवडले. चहाच्या टपरीवर तो सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "काल मी अख्खा झेब्रा खाल्ला म्हणे. मग पोट का रिकामं? परमुआत, चहा पाज."

जिवंत माणसाचे नाव दुसऱ्या जिवाला देऊ नये, असे तेव्हा एक-दोन म्हाताऱ्यांनी सुचवले होते. पण तरुण मोरान मरेल हे कुणाच्या मनात येते?

तो डांबरी रस्त्यावर खडीच्या ट्रकखाली गेला, मोटरसायकलसह. मुलेनातवंडे मागे ठेवून म्हातारा गेला तर त्याचे नाव घरात फिरत राहते. मोरान गेला तर नाव त्याच्याबरोबर जाते. त्या दिवसापासून ते त्याच्या माणसांसमोर कुणी उच्चारले नाही. त्या नावासारखेच नाव असलेले एक गवत आहे. त्या वस्तीतल्या बायका आता त्याला छपराचे गवत म्हणतात. या चालीविषयी परदेशी विद्वानांनी पूर्वीच जाड ग्रंथ लिहून ठेवले आहेत आणि तिचे मूळ भुताखेतांच्या भीतीत असल्याचा निर्वाळा दिला आहे. हे विद्वान आपल्या मृतांची नावे संगमरवरावर कोरतात आणि मग त्या दगडाकडे फिरकत नाहीत. तेव्हा स्मरणाविषयीचे त्यांचे मत आदराने बाजूला ठेवावे. इथे नाव पुरतात ते विसरण्यासाठी नव्हे. आईच्या कानावर ते अवचित पडून तिच्या हातातले दुधाचे भांडे सांडू नये म्हणून पुरतात. या गोष्टीतही ते येणार नाही.

प्रश्न राहिला सिंहाचा. पुरलेले नाव एखाद्या वस्तूला असेल तर तिला नवे नाव द्यावे अशी रीत आहे. परमुआतने प्रथम संशोधन केंद्राला विचारले, कारण पट्टा केंद्राचा होता. तिथून कळले की सिंहाचे नाव कुठल्याशा थंड देशातल्या एका जोडप्याने दत्तक घेतलेले आहे. ते त्यांच्या कॉफीच्या मगांवर छापून गेले आहे. सबब कराराची मुदत संपेपर्यंत बदल शक्य नाही. मृत्यूसाठी करारात तरतूद होती, परंतु फक्त सिंहाच्या.

मग तो मित्राच्या वडिलांकडे, ओले कोइलेलकडे गेला. नवे नाव देण्याचा हक्क बापाचा.

"कुठला सिंह?" ओले कोइलेल म्हणाला.

"बाबा, तो..."

"इथं सिंह पुष्कळ आहेत. चहा घेणार का?"

परमुआतने चहा घेतला. त्यानंतर दोनदा तो याच कामासाठी गेला आणि दोन्ही वेळा चहा घेऊन परत आला.

असे काही महिने गेले. सिंह वाढला, आयाळीची काळी बाजू छातीखाली उतरली, आणि त्याने एक खोड लावून घेतली. इतर सिंह गाईच्या गळ्यातली घंटा ऐकून दूर जात. हा तिच्या रोखाने येई. त्यामुळे झऱ्यावर सिंह आहे एवढे सांगून भागत नसे. दुसरे कुणी असेल तर गुराखी घंटा वाजवत खुशाल पाण्यावर जात. हा असेल तर गुरे वळवावी लागत. इतरांना परमुआत काहीतरी खुणेने सांगे, "तो, दुरंगी आयाळीचा," आणि माणसे समजून घेत. पण खुणेने बोट दाखवणे हेही बोट दाखवणेच असते, आणि मित्राच्या बापासमोर ते त्याच्याच्याने होत नसे. ती वेळ आजवर आली नव्हती, कारण ओले कोइलेलची गुरे दुसऱ्या अंगाला चरत. उन्हाळा लांबला, तिकडचे पाणी आटले, आणि एके सकाळी ती वेळ आली.

परमुआत टेकाडावर होता. खाली झऱ्याकाठच्या पिवळ्या खोडांच्या बाभळींत सिंह पडलेला त्याला स्वच्छ दिसत होता. त्याने फोन लावला.

"बाबा, गुरं कुठं नेताय?"

"झऱ्यावर. का, आज तू अडवणार?"

"तिथं आहेत."

"कोण आहेत?"

"म्हणजे आहे. एकच आहे."

"एक तर एक. ती कानफाटी असली तर घंटा वाजवत जातो, पळेल सटवी."

"ती नाही."

"मग कोण?"

परमुआतने तोंड उघडले. नाव जिभेवर होते, नेहमीच असे. बालपणापासून त्याने ते दिवसातून कितीदा हाकारले असेल. ते आता ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"हॅलो?" म्हातारा म्हणाला. "हॅलो. काय मेलं नेटवर्क आहे." आणि फोन बंद झाला.

परमुआतने पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. मग तो टेकाडावरून धावत सुटला, पण दगड, काटे आणि उतार यांना घाई समजत नाही. अर्ध्या वाटेत त्याला घंटांचा आवाज ऐकू आला, मग घंटांचा गोंधळ, मग गुरांच्या टापा, आणि त्या सगळ्याच्या मागून एका गाईचे हंबरणे, जे मध्येच तुटले.

वस्तीकडून येणाऱ्या पायवाटेवर मोरान भेटले. बातमी फोनवरून त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. बिथरलेली गुरे शेजाऱ्याने घराकडे हाकून आणली होती, एक गाय कमी. भाले, अंगाभोवती गुंडाळलेल्या लाल शुका, आणि सर्वांत पुढे मेतुई, ज्याच्याबरोबर परमुआत आणि तो मित्र लहानपणी एकाच ताटात जेवले होते.

"आला बघा सिंहांचा जावई," मेतुई म्हणाला. "काय रे, सासरची मंडळी जेवली का पोटभर?"

"बाबांना विचारलंत का?"

"गाय मेली. तिलाच विचारून आलो, जा म्हणाली."

मागचे हसले. परमुआत हसला नाही.

"फोन केला होतास म्हणे तू," मेतुई म्हणाला. "मग गाय काय जीव द्यायला गेली तिथं?"

मेतुईने परमुआतकडे पाहिले, आणि त्याचा आवाज खाली आला. "नाव घेता आलं नाही ना?"

"नाही."

"मला तरी आलं असतं का." थोडा वेळ तो भाल्याच्या पात्यावरून अंगठा फिरवत राहिला. "म्हणूनच म्हणतो, आज संपवून टाकू. आपला माणूस मातीत आणि त्याचं नाव चार पायांवर फिरतंय. लोक त्याला बघायला गाड्या भरून येतात, फोटो काढतात. मला झोप येत नाही, परमुआत. तुला येते?"

परमुआतकडे केंद्राने शिकवलेली वाक्ये होती, सिंहांची घटती संख्या, निसर्गाचा तोल, भावी पिढ्या. ती शहरातल्या सभागृहासाठी बरी होती. एवढेच त्याला ठाऊक होते, की दुपारपर्यंत तो सिंह मेलेला असेल आणि ते आपल्या गप्प बसण्याने घडलेले असेल.

"बाबा कुठं आहेत?" त्याने विचारले.

मोरानांनी एकमेकांकडे पाहिले. गुरांबरोबर म्हातारा परतला नव्हता.

"तिथंच असणार," परमुआत म्हणाला. "मला पुढं जाऊ द्या. त्यांना आणतो. तो चवताळला आणि बाबा मध्ये सापडले तर?"

"जा," मेतुई म्हणाला. "आम्ही वाऱ्याखालून वळसा घालून येतो. पण लवकर उठव त्यांना. त्यांच्यासाठी थांबेन, त्याच्यासाठी नाही."

ओले कोइलेल एका छत्रीसारख्या बाभळीखाली मांडी घालून बसला होता. काठी मांडीवर आडवी, नजर समोर. भाला फेकला तर पोचेल इतक्या अंतरावर, आखूड गवतात, सिंह त्याची गाय खात होता.

"बाबा," परमुआत कुजबुजला. "उठा. मेतुई आणि पोरं येतायत."

"बस."

"बाबा..."

"बस म्हणतो ना. उभा राहिलास तर तो जेवण सोडून तुझ्याकडे बघत राहील. जेवणाऱ्याच्या अंगावर उभं राहू नये, हे शिकवलं नाही का तुला कुणी?"

परमुआत बसला.

सिंह पाहणे हा त्याचा धंदा होता, आणि धंद्याने पुष्कळ गोष्टींची नवलाई मरते. याची कधी मेली नव्हती. दर वेळी त्याच्या डोक्याच्या आधी त्याच्या शरीराला कळे. कानांना एरवी न ऐकू येणारे ऐकू येई. आता त्याला कातडे फाटण्याचा आवाज येत होता, ओल्या कापडाचा यावा तसा, संथ, घाई नसलेला. पाठीमागे ढगांच्या वर डोंगराचे पांढरे डोके निघाले होते. सगळे रान त्या एका जागेभोवती थांबले होते. गिधाडे झाडांवर उतरून पंख न मिटता बसली होती. झऱ्यापलीकडे झेब्र्यांची ओळ माना वर करून दगडासारखी उभी होती. कुणालाही कुणी गप्प राहण्यास सांगितले नव्हते.

मग सिंहाने मान उचलली. तोंड डोळ्यांपर्यंत लाल, आयाळीचा गेरू कोणता आणि रक्त कोणते हे ओळखू येऊ नये असे. दूध साठवायच्या, धुराने माखलेल्या वाळक्या भोपळ्यासारख्या पिवळट डोळ्यांनी त्याने दोघांकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, ओळख नव्हती, कुतूहलही नव्हते. ते पाहणे माणसावर थांबलेच नाही; ते त्यांच्यातून मागच्या झाडापर्यंत, झाडातून मैदानाच्या टोकापर्यंत गेले, आणि परत येताना त्यांची नोंद घेऊन आले, दगड-झुडपांची घ्यावी तशी. मग पोटातून एक आवाज निघाला. गर्जना नव्हती ती, जेवता जेवता टाकलेला नुसता हुंकार. म्हाताऱ्याच्या मांडीवरची काठी थरथरली, आणि ती थरथर हाताची नव्हती, जमिनीची होती.

तो पुन्हा खाऊ लागला, तेव्हा परमुआतला श्वास सापडला.

"बाबा, फोनवर मी सांगणार होतो. मला..."

"नेटवर्क चांगलं होतं," ओले कोइलेल म्हणाला.

परमुआतने त्याच्याकडे पाहिले. म्हाताऱ्याची नजर हलली नव्हती.

"तू गप्प झालास तेव्हाच कळलं कोण आहे ते. ज्याचं नाव सांगता येत नाही असा इथं दुसरा आहे कोण?"

"मग गुरं का आणलीत?"

"बघायला." म्हातारा म्हणाला. "सगळे बघून येतात. चहा पिताना बोलत असतात, मी आलो की गप्प होतात. तुमच्या त्या गप्प बसण्यात तो रोज माझ्या घरात फिरतो, आणि मला एकदाही दिसला नाही. घंटा ऐकून येतो म्हणतात. म्हणून वाजवली."

"बाबा, गाय..."

"हो. पोराच्या आईची दुभती गाय. ते तिला तू सांगू नकोस, मी सांगेन. ती मला चांगलं सोलून काढणार आहे." तो किंचित हसला आणि हसू तिथेच विरले. "मला वाटलं होतं, काहीतरी दिसेल. चाल, नाहीतर मान वळवण्याची तऱ्हा. तुम्ही पोरांनी उगाच का ते नाव दिलं असेल?"

"दिसलं का?"

"नाही." म्हाताऱ्याने मान हलवली. "माझा पोरगा माणूस होता. पेंगायचा, खोटं बोलायचा, आईला हसवायचा. हा..." तो शब्द शोधत राहिला. "हा फार मोठा आहे रे. याला कुणाचं नाव पुरायचं नाही. मी इतके महिने याला आपल्या घरातला समजत होतो, आणि यानं आपल्या घराकडं बघितलंसुद्धा नाही."

मागच्या झुडपांत काटकी मोडली. मोरान आले होते, पसरून, वाकून, भाले हातात. मेतुई सर्वांच्या पुढे होता.

"बाबा, बाजूला व्हा," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"कशाला?"

"त्यानं तुमची गाय मारलीये."

"कुणी सांगितलं?"

एकाला हसू आवरेना. मेतुईने त्याच्याकडे रोखून पाहिले. "बाबा, तो समोर खातोय तिला."

"दिलेली गाय खाणारच. नाहीतर काय, दूध काढेल तिचं?"

"दिलेली?"

"दिली. गाय माझी. नेली की दिली हे मी सांगणार, का तू?"

ओले कोइलेल काठीवर जोर देऊन उठला. सिंहाने मान वर केली. मोरानांच्या हातांतले भाले खांद्यांपर्यंत आले. म्हाताऱ्याने, आशीर्वाद देताना थुंकतात तसा, समोरच्या गवतावर बारीक थुंकीचा फवारा टाकला, आणि नेहमीच्या, हाक मारण्याच्या आवाजात म्हणाला, "खा, पाकितेंग."

ते ऐकून मेतुईचा हात थांबला. ज्या दोघांमध्ये एकाने दुसऱ्याला गाय दिली, ते त्यानंतर एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. ते एकमेकांचे पाकितेंग होतात. मधल्या गाईने दोघांचीही नावे त्यांच्यापुरती बाजूला सारलेली असतात, आणि ती गाय मरून गेली तरी हे नाते मरत नाही. दुसऱ्याच्या पाकितेंगवर भाला टाकणे म्हणजे त्या माणसाच्या दारात भाला रोवणे. केंद्राकडे सिंहाने मारलेल्या गुरांसाठी भरपाईचा रकाना होता, स्वेच्छेने दिलेल्या गाईसाठी नव्हता, आणि हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यालाही, पुरते ठाऊक होते.

"असं कुठं असतं, बाबा," मेतुई म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पाकितेंग दोन्ही बाजूंनी असतो. तो तुम्हाला काय देणार?"

"इतका वेळ तुम्ही भाले घेऊन त्याच्या ताटाशी उभे आहात आणि अजून सगळेच्या सगळे शिल्लक आहात. सुरुवात म्हणून मला ते पुष्कळ आहे."

या वेळी सगळेच हसले, अगदी हळू, तोंडावर हात धरून. मेतुई हसला नाही, पण त्याने भाल्याचा दांडा जमिनीला टेकवला.

आणि तेवढ्यात सिंह उठला.

तो उठतच राहिला, असे परमुआतला वाटले. बसलेल्या देहात इतके उभे राहणे कुठे साठवले होते, कळेना. हसणे जिथल्या तिथे थिजले. पाणी त्यांच्या डाव्या हाताला होते आणि तिथे जाण्याचा सरळ रस्ता त्यांच्या अगदी समोरून होता. त्याने तो बदलला नाही. एकेक पाऊल टाकत, खांद्यांची हाडे कातड्याखाली आळीपाळीने वर येत, भरलेले पोट झुलवत तो समोरून गेला. रक्ताचा आणि उन्हात तापलेल्या गवताचा वास आला. कुणी भाला उचलला नाही. ते म्हाताऱ्याच्या शब्दामुळे की आणखी कशामुळे, याचा निवाडा नंतर कुणीही केला नाही. मेतुईने तर नाहीच, जो इतका वेळ श्वास रोखून होता की सिंह पुढे गेल्यावर त्याला खोकला आला.

"केवढा आहे," तो म्हणाला. बस्स, एवढेच.

सिंह पुढचे पाय दुमडून पाण्यावर वाकला. जिभेचा आवाज त्यांच्यापर्यंत स्पष्ट येत होता.

परमुआतच्या कमरेला फोन थरथरला. पलीकडे वरच्या वस्तीतली एक म्हातारी बाई होती, वासरांना घेऊन निघालेली.

"अरे, झऱ्यावर आज कोण आहे?"

परमुआतने ओले कोइलेलकडे पाहिले. म्हातारा ऐकत होता.

"ओले कोइलेलचा पाकितेंग आहे," परमुआत म्हणाला.

"म्हणजे कोण माणूस?"

"माणूस नाही."

पलीकडे शांतता पसरली. नेटवर्क चांगले होते.

"बरं," ती म्हणाली. "मग मी वासरं टेकडीकडनं नेते. आणि ओले कोइलेलला सांग, हे त्यानं फार आधी करायला हवं होतं."

परमुआतने निरोप सांगितला नाही. म्हाताऱ्याने तो ऐकला होता. सिंह अजून पाणी पीत होता.